रॉइस्ली नाव कोणी लावायचं

मी गुरो रॉइस्ली, माहेरची लोना, वय ८४, राहणार रॉइस्ली शेत, ब्योर्दाल, नॉर्वे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझे धाकटे दीर टोरगेर यांना तो पुरणार नाही, पण त्यांना आजवर काय पुरलं आहे?

१. घर, गोठा, शेळ्या, गवताची जमीन आणि वरचं कुरण दाइवा यांकुटे हिला द्यावं. दाइवा लिथुआनियाहून एका उन्हाळ्यापुरती दूध काढायला आली आणि राहिली. माझे पती हालवोर अंथरुणाला खिळले तेव्हा तिनेच त्यांना उचललं, बसवलं, भरवलं. आम्हाला मूलबाळ नाही. जमिनीवरचा हक्क टोरगेर यांनी तरुणपणीच लिहून सोडला, शेळ्यांचा वास सोसत नाही म्हणून.

२. चीज आटवायची तांब्याची कढई दाइवालाच. लग्नातला चांदीचा ब्रोच भाची आस्ता हिला. तिने तो विकू नये. विकायचाच असेल तर निदान माझं वर्ष होईपर्यंत थांबावं.

३. बँकेत जे उरेल त्यातून गोठ्याचं छप्पर करावं. मी सांगून सांगून थकले.

४. आता आडनाव. रॉइस्ली म्हणजे दगडांच्या ढिगाजवळचा उतार, एवढंच. दर वसंतात बर्फ वितळला की जमीन नवे दगड वर काढते आणि ते वेचून ढिगावर टाकावे लागतात. जो इथे राहून राबेल तो रॉइस्ली, अशी या खोऱ्याची जुनी रीत. शेत सोडून गेलेला नव्या शेताचं नाव लावी. पुढे नावं कागदावर पक्की झाली आणि घोळ सुरू झाला. समुद्रकाठी गेलेल्यांनी त्याचं रेइस्ली केलं, अमेरिकेत गेलेल्यांनी रॉयस्ली. तिकडचं कोणी ना कोणी दर उन्हाळ्यात येतं, ढिगापुढे फोटो काढतं आणि एकही दगड न उचलता जातं. टोरगेर यांनी तर स्कॉटलंडच्या सरदारापासून वंश काढून घराण्याची खूण म्हणून सिंहाची ढाल रंगवून घेतली. ब्योर्दालमध्ये सिंह कुठून यायचा? वीट आला मला या सगळ्याचा.

५. दाइवाने हे नाव लावावं अशी माझी इच्छा आहे. पण नाव दुर्मिळ असलं तर ते लावणाऱ्या सर्व हयात माणसांची संमती लागते, असं मला सांगण्यात आलं. देशात आम्ही मोजकेच. सर्वांनी सह्या दिल्या, एक टोरगेर सोडून. मी स्वतः त्यांच्या घरी गेले.

"वहिनी, नाव म्हणजे काय उघडा गोठा आहे, कोणीही आत शिरावं?"

"भावजी, तुमचे वडील तसेच शिरले. गवत कापायला आले तेव्हा त्यांचं नाव पेडर विका होतं. रॉइस्लीच्या मुलीशी लग्न केलं आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये सगळे त्यांना रॉइस्ली म्हणाले."

"ती गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

त्यांनी कॉफी ओतली आणि विषय हवापाण्यावर नेला. दाइवा गाडीत थांबली होती. परतताना म्हणाली, "मावशी, राहू द्या ना. मला माझं नाव पुरे आहे."

"मग अर्ज का भरलास?"

तिने गिअर बदलला. मग म्हणाली, "दुकानात सगळे मला 'ती रॉइस्लीची' म्हणतात. 'ची' नको वाटतं."

मला रडू आलं, आणि रागही. मीसुद्धा इथे बाहेरूनच आले. मला मात्र हे नाव कोणी न विचारता दिलं.

६. टोरगेर ८१ वर्षांचे आहेत, दाइवा ४१ची. संमती हयात माणसांचीच लागते. दाइवाने थांबावं. थांबताना त्यांच्याकडे चीज नेणं बंद करू नये. एकटा माणूस आहे.

७. चर्चच्या फाटकाशी हालवोर यांच्या समाधीच्या दगडावर माझ्यासाठी अर्धी जागा कोरी ठेवलेली आहे. मला तिथेच पुरावं. पण दाइवाला नाव मिळेपर्यंत माझं नाव तिथे कोरू नये. टोरगेर दर रविवारी त्या फाटकातून जातात. त्यांनी ती कोरी जागा बघत जावी.

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:
ओड्वार मेली, शेजारी
योरुन टेग, चर्चच्या ऑर्गनवादक

सही: गुरो लोना, तूर्तास रॉइस्ली
ब्योर्दाल, १४ मार्च २०१९