घर वहिनीच्या एकटीच्या नावे

मी, खाली सही करणारी, निवृत्त सचिव व माजी राजदूत, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे. थोरल्या भावाला शंका असल्यास त्याने आधी स्वतःचे तपासून घ्यावे.

१. राजदूतपदी नेमणूक झाली त्या दिवशीचा, मंत्री मला हार घालतानाचा फोटो भिंतीवरून काढून जाळावा. शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या तलावाला लागून मंत्र्यांच्या मेहुण्याला कारखाना काढायचा होता. मी परवानगी नाकारली, म्हणून मला राजदूत करून समुद्रापार धाडले. माझ्या खुर्चीत आलेल्या गृहस्थांनी लगेच सही ठोकली. लोक अजून ते पाणी पितात. आणि आमच्या घरात सगळे म्हणत होते, पोरीने नशीब काढले! एकट्या वहिनीने माझी बॅग भरता भरता हळूच विचारले, "तुम्हाला हाकललंय ना हो, वन्सं?" तेव्हा मला रडू आवरले नाही.

२. पुस्तके वाचनालयाला द्यावीत. सरकारी शोकसभा नको. ज्यांनी हाकलले त्यांनी आता गळे काढू नयेत.

३. राहते घर. भाऊ व वहिनी त्याच्या निवृत्तीपासून माझ्याकडेच राहतात. परवा भावाने स्वतःच मसुदा आणला: 'घर कुटुंबाचे राहील व सर्वांच्या संमतीने वापरले जाईल.' मला शिकवतो! असली वाक्ये लिहिण्यात माझी हयात गेली. दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ काढावा आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे चालावे, यासाठीच ती लिहितात. अशाच एका वाक्यावर मी सीमेचा वाद मिटवला होता. तो अजून चालू आहे. भावाच्या मसुद्यात 'कुटुंब' म्हणजे भाऊ, आणि 'सर्वांची संमती' म्हणजेही भाऊच. माझ्या आईचे आजारपण वहिनीने काढले. तिला हा माणूस माझ्याच घरात बसून, माझ्यादेखत सुनावतो, "हे माझ्या बहिणीचं घर आहे. पटत नसेल तर चालू लाग."

म्हणून निक्षून लिहिते: घर, सामानासकट, वहिनीच्या एकटीच्या मालकीचे. ठेवावे, विकावे, तिची मर्जी. भावाचा किंवा त्याच्या मुलाचा त्यावर काडीचाही हक्क नाही.

हे तिला वाचून दाखवले आणि विचारले, दादाला इथे राहू देशील का? ती म्हणाली, "राहू देत. पण मला विचारून."

तिचे हे वाक्य कलम चार समजावे.

सही: (माझी, पूर्ण नावाची)
साक्षीदार: १. शेजारच्या डॉक्टरीणबाई २. माझे कार्यालयातील जुने लघुलेखक. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ३ नोव्हेंबर २०१९, भाऊ फिरायला गेला असताना