अबोलीचं ध्यान

ती. अण्णास नमस्कार.

इस्पितळातून आल्यापासून सासूबाई मला रोज सकाळी देवघरात डोळे मिटून बसवतात. ध्यानाचं पुस्तक तूच त्यांना पाठवलंस. डॉक्टर म्हणाले होते, इतक्यात डोळे मिटायचे नाहीत. अबोलीचा गजरा ओवा, बोटांकडे लक्ष ठेवा, तेच तुमचं ध्यान. सासूबाई म्हणाल्या, "हे तर काम झालं, ध्यान कुठलं?"

डोळे मिटले की इस्पितळात जायच्या आधीचे ते आवाज परत येतात रे. उठले, तर म्हणतील हिचं पुन्हा सुरू झालं. म्हणून मी हलत नाही.

हे पत्र टाकणार नाही. तू काळजीनं त्यांनाच फोन करशील. काल फोनवर त्या तुला सांगत होत्या, "तुमची बहीण आता स्वल्पसुद्धा हलत नाही. किती शांत झालीये!"

तुझं हसणं मला रिसीव्हरबाहेरही ऐकू आलं.

तुझी,
भाग्यलक्ष्मी
बेंगळूर, १९९४