हरकतीची पोच

९ सप्टेंबर, मंगळवार

बेचाळीस सह्या झाल्या! पहिली माझी. बाकीच्यांत अकरा अंगठे. चौकाच्या हरकतीचा अर्ज मीच लिहिला — चार पानं, एक खाडाखोड नाही. एकोणतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, निवृत्त होऊन सहा झाली, तरी हात थरथरत नाही. हे लिहिताना जरा बरंच वाटतंय.

आराखडा असा आहे: चौकातले ओटे, वाचनालय, दयारामची लिंबाखालची कटिंगची खुर्ची, सगळं काढून तिथे संकुल. खाली मोठी दुकानं आणि पार्किंग. ओटेवाल्यांना जागा दुसऱ्या मजल्यावर! गोजरबाई एकतीस वर्षं हापशीजवळच्या ओट्यावर भाजी विकते. तिनं एवढंच विचारलं, "मेथीच्या जुडीसाठी दोन जिने कोन चढन, बाई?" सगळ्या अर्जात खरा मुद्दा तोच. मी तो शुद्ध भाषेत लिहिला आणि त्याची चव घालवली.

गठ्ठा माझ्याकडे आहे. पण पितृपक्ष लागलाय. या दिवसांत चांगल्या कामाला हात घालायचा नाही. घटस्थापनेला, सोमवारी बावीसला नगरपरिषदेत नेऊन देईन. नोटीस चौकात लागली पंचवीस ऑगस्टला, मुदत तीस दिवसांची. म्हणजे भरपूर वेळ आहे. आमचे हे म्हणाले, "अगं, अर्ज द्यायचाय, मुंज नाही लावायची." यांना कशाचंच काही नसतं.

१६ सप्टेंबर

दयारामनं विचारलं, दिला काय अर्ज? म्हटलं, घट बसले की देते. "तुमी हात घातला म्हंजे झालंच," म्हणाला.

२२ सप्टेंबर, सोमवार

मुदत शुक्रवारीच संपली.

तीस दिवस पेपरातल्या जाहिरातीपासून मोजायचे होते, चौकात कागद चिकटवला तेव्हापासून नाही. नोटिशीत खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. आणि मी — "प्रश्न शेवटपर्यंत वाचा" म्हणून पोरांच्या बोटांवर पट्टी मारणारी — मीच शेवटची ओळ वाचली नाही!

कार्यालयातला बाबू चांगला होता. म्हणाला, उशीर का झाला ते लिहा, सही करा आणि तेरा ऑक्टोबरच्या सुनावणीआधी आणून द्या, साहेब बहुतेक घेतील. मी गठ्ठा उचलला आणि उद्या येते म्हटलं. काय लिहू? पितृपक्ष होता म्हणून? आणि त्याखाली निवृत्त मुख्याध्यापिका अशी सही करू?

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. चौकात गोजरबाईनं हाक मारली. "पोच भेटली काय, बाई?" चार माणसं उभी होती. पर्समध्ये त्याच कार्यालयाची एक पोच होती, जुलैत नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार दिली होती त्याची. गोल शिक्का, खाली सही. गोजरबाईला वाचता येत नाही. मी ती काढून दिली. तिनं ती कपाळाला लावली आणि तागडीखालच्या पिशवीत जपून ठेवली.

काय केलं हे मी!

२३ सप्टेंबर

उद्या सांगते.

२७ सप्टेंबर

नाही सांगितलं. बाजाराला मागच्या गल्लीनं जाते. चौक टाळते. घास गिळवत नाही. यांना वाटतं नवरात्राचे उपास झेपत नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा

सगळे सोनं द्यायला आले. दयाराम आला. गोजरबाई आली, बरोबर तिची सून सुचिता. सुचिता चौथीत माझ्याच वर्गात होती. पाया पडली तेव्हा मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचीसुद्धा लाज वाटली.

जो तो एकच विचारतो, बाई, तब्येत कशी हाये? तोंड इतकं उतरलंय का माझं? गोजरबाईनं तर मेथी, गवार, लिंबं असं पिशवीभर आणलं आणि पैसे घेईना. खोटारड्या बाईला फुकट भाजी!

मग कुणीतरी सुनावणीचा विषय काढलाच. गोजरबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "पोच हाये ना माह्यापाशी. तुमी काऊन घोर करता?" मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून रडले. चहात साखर घातली नाही. सगळे तसाच प्यायले.

७ ऑक्टोबर

यांना सांगून टाकलं. वाटलं, मुंजीवरून टोमणा मारतील. मारला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. म्हणाले, "शनिवार-रविवार कार्यालय बंद. सोमवारी सुनावणी. शुक्रवारपर्यंत वेळ आहे तुझ्याकडे." टोमणा परवडला असता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

विलंबाचं कारण चार वेळा लिहिलं. "अपरिहार्य कारणास्तव" — फाडलं. "प्रकृती बरी नसल्याने" — फाडलं. शेवटी जे खरं तेच लिहिलं. "अर्ज माझ्याकडे होता. पितृपक्ष संपेपर्यंत मी तो घरात ठेवला आणि मुदत चुकीची मोजली. यात इतर अर्जदारांचा काहीही दोष नाही." खाली पूर्ण नाव घातलं. या खेपेला एक खाडाखोड झाली.

उद्या हे देणार आणि मग ओट्यावर जाऊन सांगणार. गोजरबाईचा ओटा गेला तर तो माझ्यामुळे जाईल. पितरांच्या माथी मारून चालणार नाही. लोकांना तोंड दाखवायला लाज वाटत होती म्हणून मी अठरा दिवस गप्प बसले, एवढीच गोष्ट आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बाबू म्हणाला, "मॅडम, हे तर आलेलं आहे." त्यानं फाईल उघडली. आवक तारीख चोवीस सप्टेंबर. अक्षर सुचिताचं, मीच गिरवून घेतलेला 'ळ'. गोजरबाईच्या घरात वाचणारी सून आहे, हे मी पोच देताना विसरले होते. मेथीचा मुद्दा गोजरबाईच्या तोंडचा, जसाच्या तसा. एकेचाळीस सह्या आणि अंगठे, सगळे नव्यानं घेतलेले, दोन नंबरपासून. एक नंबरची ओळ मोकळी, तिथे पेन्सिलीनं 'बाईंची'.

विलंबाचे कारण: आमच्या बाई आजारी होत्या.

बाबूनं पेन दिला. मी सही केली. माझा कागद तिथे दिला नाही. तो घेऊन तडक चौकात गेले आणि ओट्यासमोर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. नळाच्या पोचेचंही सांगितलं. गोजरबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं बाजूचं पोतं झटकून पसरलं.

"बसा, बाई. बिमार मानसानं इतका वेळ उभं राहू नये."