नाथाशेठची मोटार आणि आवडाबाईची मडकी

पत्रीपूल, कल्याण
चैत्र वद्य पंचमी, सन १९४९

चिरंजीव महिपतरावांस परशुदादाचे भरघोस आशीर्वाद. मावशीला माझा आणि तुझ्या शालूवहिनीचा नमस्कार सांग. तिच्या गुडघ्यांना रोज तेल चोळतोस ना, की नुसतं पत्रातच चोळतोस? इकडे सगळं क्षेम. शालूचे पापड सुरू आहेत, त्यामुळे अंगणात चालायची सोय नाही. माझी प्रकृती उत्तम, जेवण दोन्ही वेळा, झोप मात्र चार दिवस नाही, आणि त्याला कारण एक बाई. (घाबरू नकोस, बाई पासष्टीची आहे.)

आमच्या नाथाशेठांनी, म्हणजे ज्यांच्या आजोबांची मिठागरं होती ते, मिलिटरी कॅम्पाच्या लिलावात एक दोन माणसांची मोटार घेतली. कोणी कॅप्टन विलायतेला परत जाताना टाकून गेला होता. तिला सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. शालू त्याला फुंकणी म्हणते, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच पटतं. पेट्रोल कुपनावर, म्हणून शेठ तिला साखर कारखान्यातलं मळीचं स्पिरिट पाजतात. (वासामुळे हवालदाराने दोनदा गाडी थांबवून शेठचं तोंड हुंगलं.) आता गंमत अशी की स्पिरिटला ठिणगी जरा आधी द्यावी लागते, आणि फुंकणीने हवा कोंबली की तीच ठिणगी मागे घ्यावी लागते. फार आधी पडली तर इंजिन आतून ठोकायला लागतं. त्याला नॉक म्हणतात, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं. ही वेळ जुळवायला यंत्र नाही, माणसाचा कानच लागतो. कल्याणात मोटारीचा कान एकच, तो कोणाचा हे मी माझ्या तोंडाने सांगायला नको. शेठनी शब्द दिला होता, पत्रीपुलाचा चढ न ठोकता चढवलीस तर माझे तिन्ही ट्रक तुझ्या शेडला. तीन ट्रक म्हणजे जन्माची भाकरी रे महिपत.

मी दोन दिवस खपलो. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली, ठिणगीचा खटका केसभर पुढे, केसभर मागे केला, आणि गाडी पुलावर घातली. खणखणीत! खाली आलो तर आवडाबाई कुंभारीण (माझ्या शेडसमोर चिंचेखाली मडकी विकते, जन्मात मोटारीत बसलेली नाही) म्हणते, "मिस्त्री, तुझं मडकं तडकलंय रं. चढावर बद्द वाजतंय." मी हसलो. शेठ हसले नाहीत, हेच माझं दुर्दैव. ते स्वतः तीनदा गाडी घेऊन चढले, आणि बद्द वाजेल तिथे हात वर कर म्हणून बाईला सांगितलं. तिन्ही वेळा तिसऱ्या खांबापाशी बाईचा हात वर. मग शेठनी प्लग काढून पाहिला, तर त्याचं टोक वितळायला आलेलं. मी म्हटलं, प्लगच हलका आहे.

दुसऱ्या दिवशी शेठनी तिला गाडीत बसवलं, माझ्या जागेवर! वर दारही स्वतः उघडलं. (मी सात वर्षं त्यांच्या गाड्या बघतोय, माझ्यासाठी कधी दार उघडलं नाही.) बाईने लुगड्याचा काष्टा सावरला, तोंडात तंबाखू धरली आणि मामलेदारीण असल्यासारखी निघाली. मला हेवा वाटला, सरळ लिहितो. असा हेवा मला सख्ख्या भावाच्या माडीचाही वाटला नव्हता. ती "माघं घे, अजून माघं" म्हणत गेली, शेठ खटका ओढत गेले, आणि दोन बोटं मागे आल्यावर गाडी चढ लोण्यासारखी चढली म्हणे. आता टांगेवाला तिला चाकाचा आस ऐकवतो, गिरणीवाला पट्टा ऐकवतो. माझ्याकडे फक्त पंक्चर येतात.

आणि ती हवा खायला गेली तेव्हा तिची मडकी कोणी सांभाळली? मी. तेवढ्यात आमच्या आळीतली रंगूबाई माठ घ्यायला आली. चांगला निवडून दे म्हणाली. मी रीतीप्रमाणे बोटाच्या पेराने वाजवला, कानाशी धरला, खणखणीत वाटला, दिला. संध्याकाळी रंगूबाई ओलंचिंब लुगडं घेऊन हजर. माठाला पोटावर बोटभर चीर, सगळं पाणी चुलीत. मी म्हटलं, तूच कुठेतरी आपटला असशील. आवडाबाईने माठ घेतला, माझ्यासमोर दोनदा वाजवला, माझ्याकडे पाहिलं, आणि रंगूबाईला दुसरा दिला. तो फुटका मी घरी आणला. माजघरात बसून अकरा वेळा वाजवला. अकराही वेळा मला तो चांगला वाटला.

असो. पापड वाळले की पाठवतो. मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
परशुदादा

ता. क. : शेठ ट्रक द्यायला तयार आहेत, पण बाईने ऐकायचं आणि मी पाना फिरवायचा, अशी अट. मी साफ नकार दिला. माणसाला स्वाभिमान असतो.

दुसरं ता. क. : तू ज्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आहेस ते कानही तपासतात ना? माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, वय एक्केचाळीस, जन्म इंजिनांच्या गोंगाटात गेला. त्याच्यासाठी येत्या सोमवारची वेळ घेऊन ठेव. नाव नंतर कळवतो.

तिसरं ता. क. : नाव कळवायची गरज नाही, तू ओळखलं असशील. शालूला बोलू नकोस. नकार दिला हे खोटं, परवापासून ट्रक माझ्या शेडमध्ये उभे आहेत. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला सोबत कोणी हवं, म्हणून आवडाबाई येते आहे. तिनेच विषय काढला. वर्षभर ती माझ्याशी घसा फोडून बोलते, म्हणून मी तिला भांडकुदळ समजत होतो. काल शेठ म्हणाले, बाकी सगळ्यांशी ती हळू बोलते.