चष्मा घरी राहिला

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. लिहायची नाही, फोनला सांगायची. टाइप तो करतो. मोठी माणसं डिक्टेशनच देतात. मला वाचाय-लिहायला जड जातं अशातला भाग नाही. वेळ नसतो, इतकंच.

५ जून
लेकीच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, तिला डिस्लेक्सिया आहे, अक्षरं उशिरा लागतात, डोकं मात्र तल्लख आहे. घरात आणखी कोणाला? मी म्हणालो, छे. सोबत आलेली बायको माझ्याकडे बघत राहिली. मी मेहुण्याचं नाव सुचवलं. मेहुणा वकील आहे.
बाईंनी माहितीपत्रक दिलं. चष्मा घरी राहिलाय म्हणून हिच्याकडे सरकवलं.

६ जून
वर्कशॉपमध्ये नव्या कपाटांची खोकी आली. सोबत बारीक छापलेल्या सूचना. मी कागद बघून कपाट जोडत नाही. माझा जोडीदार मात्र प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतो, गेली कित्येक वर्षं. बिचाऱ्याला मनात वाचता येत नसावं.

९ जून
लेकीने विचारलं, घरात मी एकटीच अशी आहे का. सांगणारच होतो, तेवढ्यात जेवायला वाढलं.
संकल्प: रोज संध्याकाळी तिला गोष्ट वाचून दाखवायची.

१० जून
वाघाची गोष्ट. चित्रं बघत बघत वाघाचं लग्न लावून दिलं. लेकीने ती आधीच फोनवर ऐकलेली. म्हणाली, यात लग्न नाहीये. मी म्हणालो, नवी आवृत्ती असेल.

१२ जून
वाचन बंद. घसा बसला.
लेक माझा फोन बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरला जोडून धडे ऐकते, पुस्तकात ओळीखाली निळी पट्टी धरते, वर्गात सरळ सांगते की मला वेळ लागेल. मला असल्या कुबड्या कधी लागल्या नाहीत.

१४ जून
परीक्षेत जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज उद्यापर्यंत द्यायचाय. लेक नको म्हणतेय. घरात कोणालाच लागत नाही, मग मलाच कशाला? ही माझ्याशी बोलत नाही. स्वभावच तापट.

१५ जून, सकाळ
शाळेत जायच्या आधी लेकीशी बोलायचं ठरवलं. तयारी म्हणून मागच्या नोंदी फोनकडून वाचून घ्यायला बसलो. आवाज येईना. वाढवला. तरी येईना. पूर्ण वाढवला.

१५ जून, दुपार
आवाज बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरमधून येत होता, फोन अजून त्यालाच जोडलेला. मी धावत गेलो तेव्हा वाघाचं लग्न चाललं होतं. ही हसू दाबत होती. चहाला आलेला मेहुणा हसत नव्हता. ही म्हणाली, तुमच्या जोडीदाराला मनात वाचता येतं बरं का.
लेक उठून आत गेली. आतून अर्ज आणला, माझ्याजवळ बसली, निळी पट्टी माझ्या हातात दिली. म्हणाली, आपण दोघं मिळून वाचू, घाई नाही.
मी सवयीने म्हणालो, चष्मा सापडत नाहीये.
ती म्हणाली, बाबा, नाकावर आहे.