दोन दिव्यांची आणि चार दिव्यांची

मृत्युपत्र लिहून ठेवते मी, श्रीमती अन्नपूर्णाबाई गोपाळ नारखेडे, वय वर्षे ७४, निवृत्त परिचारिका, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा, ते असे की –

माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण माझ्या दोन्ही भावांचा दाखल्यांवर विश्वास नसतो, म्हणून स्वतःही लिहिते. हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे. डोक्यात काही बिघाड नाही. हे लिखाण मी कोणाच्या दबावाखाली किंवा भूलथापांना बळी पडून करत नाही. दबाव आणायचा प्रयत्न दोघांनीही केला, त्याची हकिगत पुढे येईल.

मला या कागदातून दोन गोष्टी साधायच्या आहेत. एक, माझ्या शेडमधल्या दोन इटालियन गाड्या माझ्या भावांपैकी कोणाच्याही हाती लागू द्यायच्या नाहीत. दुसरी, तुळशीराम आणि रंगराव हे माझे दोन धाकटे भाऊ १९८३ पासून एकमेकांशी बोललेले नाहीत, ते बोललेले मला मरण्याआधी ऐकायचे आहे. पहिली गोष्ट कायद्याने होईल. दुसरीचा काही भरवसा नाही.

कलम १. मोताळा येथील घर, मागची मोकळी जागा व तिच्यावरील पत्र्याची शेड ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. सरकारी दवाखान्यात नोकरी करून मी ती उभी केली. माझे यजमान गोपाळराव घर पुरे होण्याआधीच वारले. आम्हांला मूलबाळ नाही. या घरात वडिलोपार्जित एकही वीट नाही, कारण वडिलोपार्जित विटा भावांनी आपसांत वाटून घेतल्या. हे घर व बँकेतील ठेव मी तुळशीरामची मुलगी प्रतीक्षा हिला देत आहे. ती मला तपासणीसाठी बुलढाण्याला नेते आणि वाटेत गाड्यांविषयी एक शब्द बोलत नाही. प्रतीक्षाने साडीच्या बदल्यात कुठल्याही कागदावर सही करू नये. ही अट नाही, ताकीद आहे.

कलम २. ही ताकीद का, तेही लिहिते. आमचे वडील सुपडूशेठ खर्चे यांची मलकापूरला कापसाची जिनिंग होती. ते गेल्यावर मला माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तुळशीराम म्हणाला, "ताई, तुले काय कमी हाय? तुले सरकारी पगार हाय." रंगरावने कागद धरला आणि बोट ठेवून जागा दाखवली. दोघांचे एकमत झाल्याचा तो शेवटचा प्रसंग. मला एक हिरवी साडी मिळाली. ती मी कधी नेसले नाही. लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे, आणि तिची विल्हेवाट कलम ६ मध्ये लावली आहे.

कलम ३. आता गाड्या. दोन्ही फियाट ८५० कूपे, दोन दारांच्या, सपाट आणि बुटक्या. मुंबई सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून वडिलांनी आधी पांढरी घेतली, तिला पुढे दोन दिवे. पुढच्या वर्षी त्याच साहेबाच्या मित्राने सांगितले की हिची सुधारलेली आवृत्ती चार दिव्यांची असते. वडिलांना रात्री झोप येईना, मग लाल रंगाची तीही आणली. जुनी कोणी घेईना म्हणून दोन्ही राहिल्या.

वाटणीत थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे, ही आमच्याकडची रीत. म्हणजे थोरल्याने लबाडी करू नये. तुळशीरामने रीत पाळली आणि लबाडीही केली. त्याला चार दिव्यांची हवी होती. म्हणून त्याने वाटणीआधी वर्षभर, जेवताना, जिनिंगवर, लोकांच्या लग्नांत, दोन दिव्यांचीचे गुण गायले. पहिली ती अस्सल, तिचा चेहरा बघा, हलकी बघा, पुढचे सगळे नुसते नखरे. रंगरावने मनावर घेतले आणि दोन दिव्यांची उचलली. दुसऱ्या दिवशी तुळशीराम लाल गाडी घेऊन शेगावला दर्शनाला गेला आणि बसस्टँडसमोर कचोरी खाता खाता चारचौघांत बोलला, "मले हेच पाह्यजे होती. धाकटा भोळा हाय." महाराजांच्या गावात तरी तोंड आवरायचे. संध्याकाळपर्यंत ते वाक्य मलकापुरात पोचले, आणि तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद झाले.

रंगरावने गाडी बदलून मागितली असती तर मी त्याला शहाणा म्हटले असते. पण आपण फसलो हे कबूल करावे लागेल, म्हणून तो दोन दिव्यांचीच कशी खरी, हे लोकांना पटवू लागला. तुळशीरामने वर्षभर सांगितलेली सगळी वाक्ये त्याने जशीच्या तशी उचलली. आता त्याला ती स्वतःची वाटतात. तुळशीराम स्वतःचीच वाक्ये खोडून काढत म्हातारा झाला.

पुढे रंगराव नाशिकला फ्लॅटमध्ये गेला. गाडी विकली तर दादा कोणाकरवी तरी घेईल या भीतीने त्याने ती माझ्या नावावर केली. "ताई, तुह्या नावावर राहू दे. त्याच्या हाती लागली नाही पाह्यजे." ही बातमी लागताच तुळशीराम आपली गाडी टेम्पोवर चढवून माझ्या दारात हजर. "त्याची ठेवली, त माही काऊन नाही?" तीही माझ्या नावावर झाली. अशा रीतीने ज्या बहिणीला वाटणीत काही द्यायचे नव्हते, तिला दोघांनी आपापल्या वाटणीतले सगळ्यांत लाडके दिले, आणि तेही निव्वळ एकमेकांच्या द्वेषापोटी. माझी झडप बिघडल्याचे कळल्यापासून दोघांचे फोन वाढले आहेत. आधी तब्येत विचारतात. मग शेडचे पत्रे गळतात का, ते विचारतात. वर लिहिलेला दबाव तो हाच.

कलम ४. या दोन आवृत्त्यांतला फरक मी इतकी वर्षे ऐकला आहे की तो माझ्याबरोबर जाऊ नये असे वाटते. दोन दिव्यांचीचे इंजिन ८४३ सीसी, चार दिव्यांचीचे ९०३. फरक साठ सीसीचा. मी नोकरीभर सीसी सिरिंजमध्ये मोजले. साठ सीसीची सिरिंज आम्ही नाकातल्या नळीतून पेज घालायला वापरायचो, आणि तेवढ्या पेजेने आजाऱ्याची सकाळसुद्धा भागत नसे. तेवढ्यासाठी माझ्या भावांनी एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना जाणे सोडले.

चार दिव्यांपैकी आतले दोन लहान आहेत. तुळशीरामच्या मते त्यांमुळे रात्री रस्ता दिवसासारखा दिसतो. मोताळ्याच्या रस्त्यावर खड्डा दोन दिव्यांत दिसतो आणि चार दिव्यांतही दिसतो, गाडी त्यात जायची ती जातेच. चार दिव्यांचीच्या मागची कड जरा वर उचललेली आहे. ती वाऱ्यासाठी आहे, असे तुळशीराम सांगतो. रंगराव म्हणतो ती हौस आहे. मी दोघांसमोर मान डोलावली आहे. इंजिन दोन्हींचे मागे. वडिलांनी पहिली गाडी आणली तेव्हा लोकांनी पुढचे झाकण उघडून पाहिले आणि सुपडूशेठच्या गळ्यात बिनइंजिनची गाडी मारली म्हणून हळहळले. मागच्या सीटवर मी दोन्ही गाड्यांत बसले आहे. दोन्हींत गुडघे हनुवटीला लागतात.

सध्याची स्थिती अशी, की दोन दिव्यांचीची एक काच वर चढत नाही, त्यामुळे शेजारच्या अंबूबाईच्या कोंबड्या आत जाऊन सीटवर अंडी घालतात. अंड्यांच्या बाबतीत दोन दिव्यांची सरस आहे, हे मी निःपक्षपातीपणे नमूद करते. रंगरावला हे सांगितले तेव्हा त्याने अभिमानाने मान हलवली.

कलम ५. दोन्ही गाड्या मी वहाब मिस्त्री, राहणार मोताळा, यांना देत आहे. दोघे भाऊ चोरून त्यांना विचारून गेले, की यांतली चांगली कोणती. वहाबभाईंनी दोघांना एकच उत्तर दिले, "दोन्ही बंद हायेत. बंद गाडीत चांगली कोन्ती अन् वाईट कोन्ती?" या घराण्याच्या गाड्यांविषयी बोलले गेलेले हे एकमेव शहाणे वाक्य. त्यांचे म्हणणे, दोन मिळून एक चालती गाडी होईल. एकीचा सांगाडा, दुसरीचे इंजिन, काचा जिच्या शाबूत असतील तिच्या. तशी ती करावी आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यावी. तिला दिवे किती ठेवायचे, ते वहाबभाईंनी ठरवावे. तीन ठेवले तरी माझी हरकत नाही. माझ्या भावांपैकी कोणी येऊन ही कोणती आवृत्ती म्हणून विचारले, तर चालू आहे, एवढेच सांगावे.

भाऊबीजेची दोन चांदीची ताटे प्रतीक्षाने मोडून एक ताट करावे. तुळशीराम सकाळी येतो, रंगराव नाशिकहून दुपारी पोचतो. मी एकाचे ताट घासून ठेवते आणि दुसऱ्याचे काढते. ओवाळून झाले की प्रत्येक जण शेडमध्ये जातो, आपली गाडी पुसतो आणि दुसऱ्याची कुठे गंजली ते समाधानाने पाहून येतो. दोघांना एका ओळीत पाटावर बसवून ओवाळायचे, एवढीच माझी इच्छा होती. दरवर्षी दोघांना सांगितले. "तो बसत असीन त मी नाही," हे उत्तरही दोघांचे सारखेच. मला याचे फार वाईट वाटते आणि फार रागही येतो.

कलम ६. कलम २ मधील हिरव्या साडीचे मधोमध दोन तुकडे करावेत. अर्धा तुळशीरामला, अर्धा रंगरावला. पदर कोणाकडे जावा यावरून भांडण होईल, म्हणून पदरही उभा फाडावा. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचे लुगडे पडते, अशी पद्धत आहे. माझ्या अंगावर माहेरचे काही घालू नये. माहेराने मला द्यायचे ते एकदाच दिले आणि त्याची पावती म्हणून माझी सही घेतली.

कलम ७. वकीलबाईंनी मला समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये. मी म्हटले, मग साक्षीदार मिळाले. दोघांना वेगवेगळा फोन करून दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावले आहे. प्रत्येकाला वाटते आपल्याला एकट्यालाच बोलावले आहे, आणि दुसऱ्याचा काटा निघाला. अर्धी साडी ही मिळकत धरायची का, अशी शंका वकीलबाईंनी काढली. मी म्हटले, माझ्या वाट्याला आली तेव्हा तर ती पूर्ण मिळकत धरली होती.

येथपर्यंतचा मजकूर टंकलिखित आहे. यापुढचा मी कार्यालयाच्या व्हरांड्यात, सही करण्यापूर्वी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

कलम ८. दोघे आले. व्हरांड्यात बाक एकच आहे. दोन टोकांना बसले. वकीलबाईंनी सही करण्याआधी वाचून घ्या म्हणून कागद तुळशीरामच्या हाती दिला, आणि तो चष्मा घरी विसरला होता. बराच वेळ कागद लांब धरून पाहिला. मग बाकावरून रंगरावकडे सरकवला. रंगराव वाचू लागला, मोठ्याने, दादाला ऐकू जाईल असे. स्वतःला दिलेल्या शिव्याही त्याने वाचल्या. साठ सीसीपाशी तुळशीराम पुटपुटला, "कार्बोरेटरबी मोठा होता. ताईनं ते लिहिलंच नाही."

रंगराव कागदातून मान वर न काढता म्हणाला, "घाल तो कार्बोरेटर चुलीत."

"तुह्या गाडीत कोंबड्या बसतात बे."

"माह्या गाडीत कोनी त बसते."

बेचाळीस वर्षांनी त्यांना हेच सुचले. याहून बरे काही मला त्यांच्याकडून अपेक्षितही नव्हते. पण मी ऐकले. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही.

साडीच्या कलमापाशी रंगराव थांबला. तुळशीराम म्हणाला, "वाच ना पुढं." तो म्हणाला, "नाही वाचत." तुळशीरामने कागद ओढून घेतला, पण चष्म्याशिवाय त्याला काही दिसेना, म्हणून रंगरावने आपला चष्मा काढून त्याला दिला. त्याने ते कलम एकट्याने वाचले. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले आणि तुळशीराम म्हणाला, "ताई, साडी कापू नको व."

गाड्या वहाबभाईंनाच जातील. त्यात बदल नाही. दोघांना काहीही मिळणार नाही, हे दोघांनी एका चष्म्यातून वाचले आहे. कलम ६ मात्र मी रद्द करते. साडी कापू नये. मी गेल्यावर पेटीतून ती काढावी आणि माझ्या अंगावर घालावी. एक टोक तुळशीरामने धरावे, एक रंगरावने.

लिहून देणार : अन्नपूर्णाबाई गोपाळ नारखेडे (सही)

आमच्या समक्ष सही केली, आणि आम्ही एकमेकांच्या समक्ष सही केली :
१. तुळशीराम सुपडू खर्चे, रा. मलकापूर, नाते – भाऊ (सही)
२. रंगराव सुपडू खर्चे, रा. नाशिक, नाते – भाऊ (सही)

ठिकाण : मोताळा, जि. बुलढाणा
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५