मातीला घातलेला चष्मा

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज नातीला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो. ऑपरेशनपासून डोळ्याला ऊन सोसत नाही, म्हणून उन्हात काळी पडणारी काच लागतेच. फ्रेम तेवढी बदलायची होती.

कारण मुरूडचं. महिन्यापूर्वी दत्तूच्या मातीला गेलो, माझा जिवाभावाचा दोस्त. भर दुपारी काच काळीकुट्ट झाली, त्यात फ्रेम जाड, काळी. त्याची लेक शोभा अंगणात म्हणाली, "काका, बाबाच्या मातीला बी गॉगल?" ते अजून काळजात रुतून बसलंय.

दुकानदार म्हणाला, "मामा, बारीक सोनेरी काडीची घ्या. काच काळी पडली तरी नंबरचाच चष्मा दिसंल." तासाभरात काचा बसवून दिल्या. रस्त्यावर उन्हात उभा राहिलो. नातीला विचारलं, "डोळे दिसतात का माझे?"

"नाही आबा. पण आता म्हातारे दिसता. आधी हिरो दिसत होता."

परत आत आलो तर काच हळूहळू पांढरी झाली. आरशात माझे डोळे दिसले. त्या दिवशी शोभाच्या घरात पाच मिनिटं बसलो असतो तर तिलाही दिसले असते, रडून लाल झालेले. पण आत गेलोच कुठं? दत्तूची रिकामी बाज बघवणार नाही म्हणून अंगणातूनच माघारी फिरलो. फ्रेम बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

उद्या सकाळच्या बसनं मुरूडला जातो. शोभा बोलली तर बोलू दे. आत जाऊन बसतो.